६८३ मोठे की ६२२?

नववी-दहावीत मला विज्ञान शिकवणारे सर आता निवृत्त होऊन कोथरूडला राहतात. एका रविवारी सकाळी ते घरी आले. हातात दोन गुळगुळीत माहितीपत्रके आणि मुलाने तयार केलेला एक तक्ता. चहा येण्याआधीच त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

"मोटारींतलं मला फारसं काही कळत नाही, सर," मी म्हटले.

"तुला मोटारी कळायला नकोतच. आकडे कळतात ना? मग हे तपास. उत्तरपत्रिका समज."

प्रश्न पैशांचा होता, आणि तोही लहान नव्हता. त्यांचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. त्याला विजेवर चालणारी, दमदार मोटार घ्यायची आहे. कर्ज तो काढणार, पण सुरुवातीच्या रकमेत सरांच्या निवृत्तीच्या पैशांतला वाटा जाणार. सरांची मागणी एकच. कोल्हापूरला त्यांचे थोरले बंधू असतात, वय ऐंशीच्या पुढे. महिन्यातून एकदा तरी सर आणि काकू तिकडे जातात. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, जाऊन-येऊन ४६०. मुलाचे म्हणणे असे की दोन्हींपैकी कोणतीही गाडी घेतली तरी वाटेत कुठे वीज भरावी लागणार नाही. तक्त्यातच लिहिले आहे.

तक्त्यात दोन गाड्या होत्या. पहिली महिंद्रची 'बीई ६', नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेली. दुसरी टाटांची 'हॅरियर ईव्ही', जून २०२५ मधली. त्यातही पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर असलेला, चारही चाकांना जोर देणारा प्रकार. पहिली चाकणला तयार होते, दुसरी पिंपरीला. म्हणजे दोन्ही गाड्या पुण्याच्याच म्हणायच्या. 'बीई ६' च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीची जाहीर किंमत २६.९० लाख रुपये होती, आणि दोन मोटरच्या हॅरियरची २८.९९ लाख. या झाल्या दालनातल्या किमती. विमा आणि बाकीचे वेगळे.

मुलाने काम मनापासून केले होते. बारा ओळी. प्रत्येक ओळीत जी गाडी पुढे, तिच्यापुढे हिरवी खूण. शेवटी बेरीज : सात विरुद्ध पाच. त्यात पडद्याच्या आकाराला एक खूण होती आणि बॅटरीच्या क्षमतेलाही एकच. गणितात सात गुण आणि चित्रकलेत पाच गुण मिळवलेल्या मुलाला 'बारा गुणांचा' ठरवावे तसे हे झाले. पण हा दोष एकट्या त्याचा नाही. नियतकालिकांत, दालनांत, सगळीकडे मोटारींची तुलना सध्या याच साच्यात होते. मला त्यातल्या चारच ओळींविषयी लिहायचे आहे.

सर्वांत ठळक ओळ पल्ल्याची. बीई ६ : ६८३ किमी. हॅरियर : ६२२ किमी. हिरवी खूण पहिलीला.

हा आकडा कोणी मनाने लिहिलेला नाही, हे आधी सांगायला हवे. तो एका ठरावीक चाचणीतून येतो. पुणेकरांना ही चाचणी परकी नाही. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच आपली 'एआरएआय', ही देशात अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक. मोटार रस्त्यावर न नेता बंदिस्त जागेत, मोठ्या रुळांवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. रस्त्यावर हवेचा आणि टायरचा जेवढा विरोध झाला असता तेवढा रुळांकडून दिला जातो. चालकासमोर वेगाचा आलेख असतो आणि त्याला तो आलेख पाळत गाडी 'चालवायची' असते.

सगळी गोम या आलेखात आहे. तो मूळचा युरोपातला. आपल्याकडे थोडा बदलून घेतला, म्हणून त्याचे नाव 'सुधारित भारतीय चालन-चक्र'. युरोपने आपला जुना आलेख २०१७ पासून बाजूला ठेवायला सुरुवात केली. आपल्या चक्राचे दोन भाग आहेत. पहिला शहरी. १९५ सेकंदांचा एकच नमुना चार वेळा, वेग कधीही ताशी ५० च्या वर नाही. दुसरा शहराबाहेरचा, ४०० सेकंदांचा, त्यातला कमाल वेग ताशी ९०. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. वातानुकूलन बंद. पूर्वी जाहिरातींत बहुधा केवळ पहिल्या भागाचा आकडा छापत. २०२४ च्या उत्तरार्धापासून कंपन्या दोन्ही भागांचा मिळून देऊ लागल्या. तेवढी सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे.

म्हणजे ६८३ या आकड्याचे पूर्ण वाक्य असे : 'सरासरी ताशी ३२ किलोमीटर वेगाने, वातानुकूलन बंद ठेवून, सपाटीवर गेल्यास ६८३ किलोमीटर.' या वेगाने कोल्हापूरला पोचायला सात तास लागतील. एसटीसुद्धा त्याआधी पोचते.

"एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचो," सर म्हणाले. "इथे तर अटच लिहिलेली नाही."

मग आम्ही वही काढली. पुढचे गणित दहावीच्या मुलांना करता येईल, आणि वर्गात जरूर करून घ्यावे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन विरोध सोसावे लागतात. टायरचा विरोध वजनावर अवलंबून असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणसांसह वजन २२०० किलो धरले. टायरच्या विरोधाचा गुणांक ०.०१ घेतला, की तो विरोध सुमारे २१६ न्यूटन येतो. हवेसाठी पुण्याच्या उंचीवरची घनता १.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली, आणि गाडीचा समोरचा आडवा छेद गुणिले आकाराचा गुणांक मिळून ०.८५ चौरस मीटर. अशा उंच, रुंद गाड्यांना ते साधारण लागू पडते. ताशी १०० च्या वेगाला, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटरला, हवेचा विरोध सुमारे ३६० न्यूटन होतो. दोन्ही मिळून ५७७. एक किलोमीटर जायला ५७७ किलोज्यूल, म्हणजे ०.१६ युनिट. (एक युनिट म्हणजे किलोवॅट-तास, आपल्या वीजबिलातले तेच.) बॅटरीपासून चाकापर्यंत बारा टक्के वाया जातात आणि वातानुकूलन दीड किलोवॅट घेते असे धरले, तर किलोमीटरला जवळपास ०.१९७ युनिट लागतात.

हीच रीत वापरली तर ताशी ८० ला ०.१६० आणि ताशी ६० ला ०.१३४ युनिट येतात. आता बॅटरीच्या क्षमतेला भागायचे. हॅरियरची बॅटरी ७५ युनिटांची, बीई ६ ची ७९. शेवटचा थेंबही वापरला असे समजू, जरी शहाणा माणूस तसे करत नाही. हॅरियर ताशी ६० ने सुमारे ५६० किलोमीटर जाईल, ८० ने ४७० आणि १०० ने ३८०. बीई ६ अनुक्रमे ५९०, ४९५ आणि ४००.

दोन्ही गाड्यांना एकच वजन आणि एकच आकार लावला, ही मी घेतलेली सूट आहे. बीई ६ चे छत मागे उतरते आहे, त्यामुळे हवेत तिला थोडा फायदा होईल. तो धरला तरी चित्र फार बदलत नाही. एकाच वेगाला दोन गाड्यांमध्ये वीस-तीस किलोमीटरचा फरक. मात्र तीच गाडी ८० ऐवजी १०० ने चालवली तर नव्वद किलोमीटर जातात. म्हणजे सात-पाचचा जो निकाल तक्ता लावतो आहे, त्याच्या तिप्पट-चौपट फरक चालकाच्या उजव्या पायात आहे, आणि त्या पायाला तक्त्यात ओळ नाही.

आणखी एक गोष्ट, मला जास्त खटकणारी. 'अटी कृत्रिम असल्या तरी सर्वांना सारख्याच आहेत, मग तुलना तरी बरोबर', असा बचाव नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. ताशी ३२ ला मुख्य खर्च टायरचा, आणि पुन्हा पुन्हा थांबून वेग घेण्याचा असतो. हवेचा वाटा किरकोळ. ताशी १०० ला हवाच निम्म्याहून जास्त खाते. तेव्हा पहिल्या परीक्षेतला पहिला नंबर दुसऱ्या परीक्षेत टिकेलच असे नाही. शंभर मीटर धावण्यात पहिला आलेला मुलगा क्रॉसकंट्रीतही पहिला येईल असे आपले क्रीडाशिक्षक कधी म्हणणार नाहीत.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. टाटा आपल्या गाडीसाठी दुसरा, खरा वाटणारा पल्लाही देतात. शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना मिळावा असा तो अंदाज, आणि दोन मोटरच्या हॅरियरसाठी तो पाचशेच्या आत आहे. महिंद्रनेही मोठ्या बॅटरीला प्रत्यक्षात पाचशेहून अधिक असे म्हटले आहे. आमच्या वहीतल्या ताशी ८० च्या उत्तराशी हे आकडे बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे प्रामाणिक आकडा उपलब्ध आहे. फक्त तो लहान अक्षरांत असतो, आणि तुलना करणारा मोठ्या अक्षरांतला उचलतो.

घाटांचे काय, असे सरांनी विचारले. खंबाटकी त्यांच्या मनात होता. २२०० किलोची गाडी १०० मीटर वर चढवायला ०.६ युनिट लागते. उतरताना मोटर उलट काम करून त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत टाकते. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळे या प्रवासात घाटाचा हिशेब फारसा अंगावर येत नाही. मुंबईहून पुण्याला येताना मात्र येतो. साडेपाचशे मीटरची चढण, सव्वातीन-साडेतीन युनिटे. जाताना तीच उताराला मिळतात. पेट्रोलच्या गाडीत उताराची कमाई ब्रेक तापवण्यात जाते, हा या गाड्यांचा खरा मोठेपणा आहे. त्याला मात्र एकही हिरवी खूण नव्हती.

दुसरी ओळ वेगाची. शून्यापासून ताशी १०० : हॅरियर ६.३ सेकंद, बीई ६ ६.७ सेकंद. खूण हॅरियरला. मुलाचा जीव याच ओळीत अडकला होता, असे सर म्हणाले.

फरक ०.४ सेकंदाचा. वर्गात फूटपट्टी सोडून चिमटीत पकडण्याचा प्रयोग आपण करतोच. पट्टी वीस सेंटिमीटर खाली येईपर्यंत पकडली तर ०.२ सेकंद झाले. सिग्नल हिरवा झालेला पाहून, उमजून, पाय ब्रेकवरून दुसरीकडे नेईपर्यंत सहज याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. म्हणजे दोन गाड्यांतला फरक चालकाने जांभई दिली की संपला.

पण ही ओळ शिकवायला छान आहे. ताशी १०० च्या वेगाला २२०० किलोची गतिज ऊर्जा साडेआठ लाख ज्यूल, म्हणजे युनिटाचा पाव भागही नाही. एवढ्या गडगडाटाला लागणारी वीज इतकी थोडी! ती ६.३ सेकंदांत दिली तर सरासरी शक्ती १३५ किलोवॅट होते. पत्रकात मात्र पुढची मोटर ११६ आणि मागची १७५ किलोवॅटची असे आहे. मग बाकीचे कुठे गेले? शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. गाडी जागची हलताना वेगच नसतो, त्यामुळे तेव्हा शक्ती वापरायला वावच नसतो. तिथे टायरची पकड आणि मोटरचा पीळ यांचे राज्य. शिवाय दोन मोटरच्या शक्तींची बेरीज बॅटरीला एकदम पुरवता येईलच असेही नाही. बीई ६ ची एकच मोटर २१० किलोवॅटची. तिची सरासरी याच रीतीने १२७ येते. तक्त्यातली अश्वशक्तीची ओळ आणि सेकंदांची ओळ या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, हेही यातून दिसते. मुलाने एकाच गुणाला दोनदा गुण दिले होते.

या ओळीला जोडून जी ओळ हवी ती कुठेच नव्हती : ताशी १०० वरून थांबायला किती मीटर लागतात? कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, मंदन सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद धरले, तर ५५ मीटर. त्याआधी भानावर यायला एक सेकंद, त्यात २८ मीटर. एकूण ८३. पावसात मंदन ४ वर आले तर १२४. आतापर्यंत छोटी पेट्रोलची गाडी चालवलेला मुलगा पाय दाबल्यापासून सहा-सात सेकंदांत शंभरच्या वेगाला पोचणार आहे. सातारा रस्त्यावर उसाची ट्रॉली पुढे आली तर पुढची गोष्ट दुसऱ्या आकड्यावर ठरेल. अपघात झाल्यावर आतल्यांचे काय होते, याची परीक्षा 'भारत एनकॅप' घेते. त्यात दोन्ही गाड्यांना पाच तारे आहेत आणि ते महत्त्वाचे आहे. थांबण्याचे अंतर ही वेगळी बाब आहे.

तिसरी ओळ चार्जिंगची. २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत : बीई ६ २० मिनिटे, हॅरियर २५ मिनिटे. ७९ चे साठ टक्के ४७.४ युनिट. ती वीस मिनिटांत भरायची तर सरासरी १४२ किलोवॅटने वीज आत यायला हवी. हॅरियरची ४५ युनिट २५ मिनिटांत, १०८ किलोवॅटने. गाड्यांची कमाल क्षमता अनुक्रमे १७५ आणि १२० किलोवॅट असल्याने दोन्ही दावे आपसांत सुसंगत आहेत. फसवणूक नाही. पण हायवेवर पुष्कळ ठिकाणी ६० किलोवॅटची जोडणी असते. तिथे पहिलीला ४७ मिनिटे आणि दुसरीला ४५! हिरवी खूण उलटी झाली. त्याच यंत्राला शेजारी दुसरी गाडी लागली की अनेकदा वीज दोघांत वाटली जाते, मग चहाबरोबर जेवणही उरकून घ्यावे. हंडा मोठा की घागर मोठी याने काय होणार, नळाला धार किती, यावर वेळ ठरतो.

चौथी ओळ तक्त्यात नव्हती. ती आम्ही घातली. कोल्हापूरला बंधूंच्या घरी काय आहे? ताशी १०० ने गेले तर जाताना ४५ युनिटे खर्च होतील. हॅरियरमध्ये ३० उरतील आणि परतीला पुन्हा ४५ हवीत. १५ कमी पडतात. घरातल्या जाड, १५ अँपिअरच्या सॉकेटमधून गाडी तीन किलोवॅटने वीज घेईल. रात्रीच्या दहा तासांत ३० युनिटे, तूट वजा जाता २७. म्हणजे मुक्काम केला तर वाटेत थांबायचे कारणच नाही, गाडी कोणतीही असो. त्याच दिवशी परतायचे असेल तर वाटेत पाऊण तास नको, वीस-पंचवीस मिनिटे पुरतील. आणि ८० ने गेले तर एका बाजूच्या प्रवासाला ३४ मिनिटे जास्त लागतात, म्हणजे वेळेच्या हिशेबात १०० ने जाऊन थोडे चार्जिंग करणे उलट कमी वेळात होते. हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. हळू चालवा असा उपदेश करण्याच्या तयारीत मी होतो.

"मग कोणती घ्यायची?" सरांनी विचारले. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

माझे मत मी सांगितले. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत, आणि आकड्यांवर त्यांच्यात निवड करणे म्हणजे छापा-काटा. निवड सर आणि काकू कुठे बसतात यावर करावी. बीई ६ चालवणाऱ्याची गाडी आहे. मागे छत उतरते, काचा वर चढत जातात. काकूंचे गुडघे दुखतात आणि त्या नेहमी मागे बसतात. हॅरियर उंच, मोकळी. घ्यायचीच तर ती, पण दोन मोटरची नको. मागची एकच मोटर आणि तीच ७५ ची बॅटरी असलेला प्रकार आहे. चाचणीतला त्याचा पल्ला ६२७, म्हणजे पाचच किलोमीटरने वेगळा, आणि वरच्या श्रेणीतही तो सुमारे दीड लाखाने स्वस्त जाहीर झाला होता. पुढच्या मोटरचा उपयोग चिखलात, वाळूत, निसरड्या चढावर. कोथरूड ते कोल्हापूर या वाटेवर यांपैकी काही नाही. मात्र त्याआधी काकूंना दोन्ही गाड्यांत मागे अर्धा तास बसवून आणावे, आणि दालनात विचारावे : ताशी १०० ला, वातानुकूलन चालू असताना, किलोमीटरला किती युनिट? उत्तर लेखी मागावे.

मुलाला हे कितपत पटले ते माहीत नाही. ०.४ सेकंदासाठी तो दीड लाख द्यायला तयार आहे, आणि पैसे त्याचे असते तर मी मध्ये बोललोही नसतो.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. दालनातल्या माणसाला किलोमीटरमागच्या युनिटांचा आकडा सांगता आला नव्हता. काकू दोन्ही गाड्यांत बसून आल्या होत्या आणि त्यांनी पायरी उंच असल्याची तक्रार केली होती, तीही नेमकी मी सुचवलेल्या गाडीची. पण सरांना बोलायचे होते ते वेगळेच. कोल्हापूरच्या घरी त्यांनी वायरमन बोलावला होता. घर जुने, वायरिंग चाळीस वर्षांपूर्वीचे. तेरा अँपिअर सलग दहा तास त्यातून जाणार नाहीत, आणि अर्थिंग तर कुठेच नाही, असे त्याने सांगितले. मीटरपासून अंगणापर्यंत नवी जाड तार, अर्थिंगचा खड्डा आणि वेगळा स्विच, एवढे करायला तो दोन दिवस मागत होता. सरांनी त्याला होकार दिला होता. गाडी अजून ठरलेली नव्हती.